मलमलीहून बारीक, थंडीला पक्का
आकाशात जाणाऱ्या फुग्यांचा माल आणि आपल्या धंद्यासाठी त्यातला धडा

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या कोणालाही विचारा की सर्वात बारीक माल कोणता, तर तो मलमलीचे नाव घेईल. चांगल्या मलमलीचे वजन चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास भरते. पण आपल्याच देशात असा एक माल तयार झाला आहे की ज्याचा एक चौरस मीटर तराजूत घातला तर जेमतेम अडीच ग्रॅम भरेल. हा माल सुताचा नसून पॉलिथिनचा आहे. त्याची जाडी २.७ मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीनसुद्धा नाहीत. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीवर बंदी आहे, हे दुकानदार बांधवांना ठाऊकच आहे. त्या पिशवीच्या चाळिसाव्या हिश्श्याहूनही हा माल पातळ आहे. २०१४ साली याच मालाचा फुगा हैदराबादहून सुटला आणि ५१ किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवर पोहोचला.

हवामानाचे आणि संशोधनाचे फुगे हा विषय व्यापाराच्या पानावर कसा, असे काही वाचकांना वाटेल. पण आम्ही हा विषय जाणूनबुजून घेतला आहे. शास्त्रज्ञांचे यंत्र कितीही किमती असले तरी ते वर नेणारी वस्तू शेवटी माल आहे. तो माल कोणी तरी बनवतो, तपासतो, कापतो आणि जोडतो. त्यात कसूर झाली तर वर्षानुवर्षांची मेहनत काही मिनिटांत जमिनीवर येते.

सुरुवात कापडापासूनच

या फुग्यांचा इतिहास म्हणजे कपड्याचाच इतिहास आहे. १७८३ साली फ्रान्समध्ये मोंगोल्फिए बंधूंनी गरम हवेचा पहिला मोठा फुगा उडवला. त्यांच्या घरचा धंदा कागदाचा. त्यांनी कापडाला आतून कागदाचे अस्तर लावले आणि तुकडे चक्क गुंड्यांनी एकमेकांना जोडले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला शार्ल या शास्त्रज्ञाने पॅरिसमधून हायड्रोजनचा फुगा सोडला. तो रेशमी कापडाचा होता. वायू सुटू नये म्हणून टर्पेंटाइनमध्ये रबर विरघळवून त्याचा हात कापडावर दिला होता. हा फुगा गोनेस नावाच्या खेड्यात उतरला, तेव्हा घाबरलेल्या गावकऱ्यांनी हत्यारे घेऊन त्याच्या चिंध्या केल्या.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी हवामानाच्या अभ्यासासाठी माणसाशिवाय फुगे सोडण्याची पद्धत आली. फ्रान्सच्या तेसराँ द बॉर यांनी कागदाच्या फुग्यांनी वरच्या हवेचे तापमान वारंवार मोजले. सुमारे ११ किलोमीटरनंतर तापमान उतरायचे थांबते, हा शोध त्यांनी १९०२ साली जाहीर केला. त्याच काळात जर्मनीचे रिचर्ड आसमान यांनी रबराचा बंद फुगा वापरात आणला. ज्या गृहस्थाच्या नावातच आसमान आहे, त्याने आसमानात जाणारा माल शोधावा, ही गंमतच म्हणायची. कागदाचा फुगा वर जाऊन तरंगत राही आणि वाऱ्याबरोबर दूर निघून जाई. रबराचा फुगा फुगत फुगत ठराविक उंचीवर फुटतो आणि उपकरण छत्रीने खाली येते. रोजच्या कामाला हीच पद्धत सोयीची ठरली आणि आजही तीच चालू आहे.

रोजचा फुगा आणि आपला धंदा

जगात सुमारे नऊशे ठिकाणांहून दिवसातून दोनदा असे फुगे सोडले जातात. आपल्या घड्याळाप्रमाणे ही वेळ पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास येते. आपल्याकडे मुंबईत सांताक्रूझ, नागपूर आणि पणजी येथे हे काम चालते. सोडताना फुगा दीड ते दोन मीटर व्यासाचा असतो. मिनिटाला सुमारे ३०० मीटर या वेगाने तो चढतो. वर हवेचा दाब कमी होत जातो आणि फुगा मोठा होत जातो. ३० किलोमीटरवर दाब जमिनीच्या जवळजवळ शंभराव्या भागावर येतो. तोपर्यंत फुग्याचा व्यास सहा ते आठ मीटर होतो आणि मग तो फुटतो. खाली टांगलेली लहानशी पेटी वाटभर तापमान, दमटपणा, दाब आणि वाऱ्याची खबर बिनतारी संदेशाने पाठवत राहते.

उपग्रहाच्या जमान्यात हे फुगे कशाला, असा प्रश्न पडतो. उपग्रह वरून पाहतो, फुगा मात्र हवेच्या प्रत्येक थरातून स्वतः जाऊन मोजमाप आणतो. २०२५ साली अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या तुटवड्यामुळे काही केंद्रांवर फुगे सोडणे बंद किंवा कमी करावे लागले, तेव्हा तिथल्या हवामानतज्ज्ञांनी उघडपणे चिंता व्यक्त केली. आपला कापसाचा भाव पावसावर, पावसाचा अंदाज या आकड्यांवर आणि हे आकडे एका रबराच्या पातळ पडद्यावर अवलंबून असतात. आम्ही कापूस, सूत आणि ग्रे कापडाचा व्यवहार करणारे लोक आहोत. म्हणून हा पडदा मजबूत आहे की नाही, याच्याशी आपला संबंध आहे.

उष्ण मुलूख, थंड आकाश

आता मुख्य अडचणीकडे येऊ. सर्वसाधारण समज असा की थंड देशावरचे आकाश थंड आणि गरम देशावरचे गरम. वस्तुस्थिती उलट आहे. आपल्याकडे जमीन तापते, हवा जोराने वर उठते आणि वर जाता जाता थंड होत राहते. युरोपात ही उतरण ११ किलोमीटरच्या सुमारास उणे ५५ ते ६० अंशांवर थांबते. आपल्या आकाशात ती १६-१७ किलोमीटरपर्यंत चालू राहते आणि तिथे तापमान उणे ८० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली जाते. म्हणजे ज्या मुलखात उन्हाळ्यात डांबर वितळते, त्याच्याच डोक्यावर ही कडाक्याची थंडी उभी असते.

अशा थंडीत रबर कडक होऊ लागते आणि ताण सहन करत नाही. पॉलिथिनचे तर आणखी कठीण. हा माल ठराविक थंडीपर्यंत चिवट राहतो. त्याखाली गेला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि घडीवर तडकतो. परदेशात जो फुगा बिनतक्रार चालत होता, तोच विषुववृत्ताजवळच्या मुलखात या थंड थरातून जाताना फुटत असे. मालात खोट होती असे नाही. तो दुसऱ्यांच्या आकाशासाठी बनवलेला होता, इतकेच.

पिठाच्या कंपनीचा फुगा

पॉलिथिनचा शोध इंग्लंडमध्ये १९३३ साली लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याचा उपयोग रडारच्या तारांवरील आवरणासाठी झाला. युद्धानंतर हा माल बाजारात आला आणि १९४७ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात पॉलिथिनचा पहिला मोठा फुगा उडाला. तो बनवणारी जनरल मिल्स ही कंपनी मूळची गव्हाच्या पिठाची! पीठ दळणाऱ्यांनी आकाशातला माल बनवला, ही गोष्ट आमच्या व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्लास्टिकचा फुगा रबरासारखा ताणला जात नाही. त्याला आधीच पूर्ण आकारात शिवून ठेवावे लागते. सोडताना त्यात शेकड्याला एक हिश्श्याहूनही कमी वायू भरलेला असतो. वर एक लहानसा बुडबुडा आणि खाली लांबच लांब घड्या पडलेला पडदा, असे त्याचे रूप असते. वर जाईल तसा वायू पसरतो, घड्या उलगडतात आणि शेवटी फुगा उलट्या थेंबाच्या आकाराचा होतो. थंड थरातून जाताना तो अजून घड्यांतच असतो. कपड्याचा माणूस जाणतो की माल पहिल्यांदा घडीवरच फाटतो.

हैदराबादचे काम

आपल्याकडे डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी रबरी फुगे एकत्र बांधून उपकरणे वर पाठवण्यास सुरुवात झाली. पुढे त्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्लास्टिकचे फुगे हाती घेतले आणि १९६९ साली हैदराबाद येथे यासाठी कायमचे केंद्र उभारले. जागा विचाराने निवडलेली होती. हैदराबाद दोन्ही किनाऱ्यांपासून दूर असल्याने फुगा समुद्रात पडण्याची भीती कमी. शिवाय पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने विश्वकिरणांच्या अभ्यासाला ती उपयोगी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेच्या क्ष-किरण खगोलशास्त्रज्ञांनी मागणी केली की आमची दुर्बीण ४२ किलोमीटरपर्यंत जायला हवी. २००० ग्रॅमचा मोठा रबरी फुगासुद्धा ३८ किलोमीटरच्या वर जात नव्हता आणि त्याला दुर्बिणीचे वजन पेलणारही नव्हते. तेव्हा केंद्राने ठरवले की पडदा इथेच बनवायचा आणि आपल्या आकाशाची थंडी डोळ्यासमोर ठेवूनच बनवायचा. त्यातून ‘अँट्रिक्स’ नावाचा पडदा तयार झाला. लिनियर लो डेन्सिटी जातीच्या पॉलिथिनचा हा माल उणे ९० अंशांच्या आसपासही चिवट राहील, अशी त्याची बांधणी केली गेली.

बनवण्याची रीत आपल्या पिशवी-कारखान्यांतलीच आहे. दाणे वितळवायचे, गोल फटीतून नळी काढायची, आत हवा भरून ती फुगवायची आणि थंड करून गुंडाळायची. फरक आहे तो काटेकोरपणाचा. पिशवीत एखादी जागा जाड आणि एखादी पातळ राहिली तर गिऱ्हाईक तक्रार करत नाही. फुग्यात मात्र जी जागा सर्वात पातळ, तीच संपूर्ण फुग्याची ताकद. दाण्यात धुळीचा कण राहिला, तर २.७ मायक्रॉनच्या पडद्यात त्याचे भोक होते.

पाच-सहा मायक्रॉन, मग ३.८ आणि शेवटी २.७, अशा पायऱ्यांनी हे काम पुढे गेले. या शर्यतीत जपानचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांनी २००२ साली ३.४ मायक्रॉनच्या पडद्याने ५३ किलोमीटर गाठले आणि २०१३ साली २.८ मायक्रॉनच्या पडद्याने ५३.७ किलोमीटर. २०१४ च्या हैदराबादच्या फुग्याने आपल्या देशाला जवळजवळ त्याच रांगेत नेऊन बसवले. त्याचा आकार सुमारे ६० हजार घनमीटर होता आणि त्याखाली फक्त एक किलोचे ओझे होते. आम्ही आमच्या पद्धतीने हिशेब करून पाहिला. एवढ्या फुग्याला साडेसात हजार चौरस मीटर माल लागतो. एक मीटर पन्ह्याचा ताका धरला तर साडेसात किलोमीटर लांबीचा, आणि त्याचे वजन शिवण सोडून वीस किलोच्या आत!

कळीदार कुरता आणि फुग्याची शिवण

फुग्याचे कापकाम पाहिले तर कळीदार कुरत्याची आठवण होते. गोल आकार सपाट मालातून काढायचा, तर मालाच्या लांबच लांब कळ्या कापाव्या लागतात. मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. या कळ्या लांब टेबलावर एकमेकींवर ठेवून त्यांच्या कडा उष्णतेने जोडतात. सुई-दोऱ्याला येथे काम नाही, कारण सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे वायूला वाट. ओझ्याचा भार पडद्यावर येऊ नये म्हणून मोठ्या फुग्यांत जोडावर पॉलिस्टरच्या धाग्यांची पट्टी वरपासून खालपर्यंत नेतात. म्हणजे प्लास्टिकच्या फुग्यातही वजन पेलणारा शेवटी आपल्या व्यवसायातला धागाच आहे.

जोडताना उष्णता थोडी कमी पडली तर शिवण वर उकलते, जास्त झाली तर तिच्या शेजारची जागा पातळ होते. म्हणून तपासणी, तीही हातभर हातभर. कपड्याच्या फोल्डिंग खात्यात काचेच्या टेबलाखाली दिवा लावून जसा डाग आणि फॉल्ट पाहतात, तसेच हे काम आहे.

ध्रुवाकडची रीत

थंडीचे दुसरे टोक दक्षिण ध्रुवावर आहे. हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य दिसत नाही आणि वरची हवा उणे ८० अंशांच्याही खाली जाते. ओझोनच्या थराची मोजदाद करण्यासाठी अमेरिकेची संस्था १९८६ पासून तिथून फुगे सोडते. उन्हाळ्यात रबरी फुगा चालतो, पण हिवाळ्यात तो लवकर फुटतो. म्हणून तिथे हिवाळ्यात प्लास्टिकचा फुगा वापरतात. ध्रुवप्रदेशातील काही केंद्रांवर रबरी फुगा सोडण्यापूर्वी गरम करण्याची आणि तेलात बुडवून नरम करण्याची रीत आहे. इलाज साधा आहे, पण त्याने फुगा बराच वर जातो.

ध्रुवाचा एक फायदाही आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही. त्यामुळे रात्री वायू आकसून फुगा खाली येण्याचा प्रश्न राहत नाही. अमेरिकेचा ‘सुपर टायगर’ हा प्रयोग डिसेंबर २०१२ ते फेब्रुवारी २०१३ असा ५५ दिवस दक्षिण ध्रुवाच्या आकाशात फिरत राहिला. आपल्याकडे मात्र रात्र होतेच. तेव्हा उंची टिकवण्यासाठी ओझ्यातील वाळू किंवा छर्रे सोडून भार कमी करावा लागतो.

सोलापूरकडे उतरणारा माल

हैदराबादचे मोठे फुगे ५० ते ८५ मीटर व्यासाचे होतात. त्यांच्याखाली टांगलेली उपकरणे रंगीत छत्रीने विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या पट्ट्यात, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरपर्यंत कोठेही उतरू शकतात. म्हणून उड्डाणाच्या हंगामात संस्था सूचना प्रसिद्ध करत आली आहे. त्यात स्पष्ट सांगितलेले असते की अशी पेटी दिसल्यास तिला हात लावू नये, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा पेटीवर लिहिलेल्या पत्त्यावर खबर द्यावी. खबर देणाऱ्याला बक्षीस आणि वाजवी खर्च मिळतो, पेटी उघडल्यास काहीच मिळत नाही. सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेड भागातील वाचकांनी हे लक्षात ठेवावे. गोनेसच्या गावकऱ्यांना कोणी सांगितले नव्हते, आपल्याला सांगितलेले आहे.

अशा पेट्यांतून काय येते, याचे एकच उदाहरण देतो. एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून ४५९ किलो वजनाचे उपकरण वर गेले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने घेऊन परत आले. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत त्यांची तपासणी झाली. पूर्वी माहीत नसलेल्या तीन जातींचे जिवाणू त्यात सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले. एवढा मोठा ऐवज मायक्रॉनमध्ये मोजायच्या पडद्याला लटकत होता, हे विसरून चालणार नाही.

व्यापाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता आपल्या कामाची गोष्ट. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील आमचे अनेक बांधव किलोवर किंवा मीटरवर माल विकतात आणि दहा पैशांच्या भावफरकासाठी दिवसभर झगडतात. या फुग्यांच्या कहाणीतून आम्हाला काही गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात.

पहिली गोष्ट, मालाची कसोटी तो जिथे वापरला जाणार तिथल्या हवेत घ्यावी. परदेशी शिक्का हा पुरावा नव्हे. लडाखमध्ये जाणारा तंबू भिवंडीच्या उन्हात तपासून चालणार नाही आणि कोकणच्या पावसात जाणारी ताडपत्री कोरड्या गोदामात तपासून चालणार नाही.

दुसरी, जाडी म्हणजे दर्जा नव्हे. सारखेपणा म्हणजे दर्जा. जाड माल विकणे सोपे आहे, पण पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकसारखा पातळ माल देणे हे कारागिराचे काम आहे आणि किंमत त्याचीच मिळते.

तिसरी, प्रत्येक लॉटचा हिशेब ठेवावा. कोणता दाणा किंवा कोणते सूत, कोणत्या यंत्रावर, कोणत्या दिवशी, हे लिहिलेले असेल तरच बिघाडाचे मूळ सापडते. पुण्यात हवामानाचे रबरी फुगे बनतात आणि परदेशातही जातात. अशा गिऱ्हाइकाला नमुना आणि माल यांत तफावत दाखवून धंदा टिकत नाही.

चौथी गोष्ट धीराची. पाच मायक्रॉनपासून २.७ पर्यंत यायला हैदराबादच्या लोकांना वीस वर्षे लागली. तेवढी वर्षे कोणी छोटा कारखानदार एकट्याने थांबू शकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चार-पाच जणांनी मिळून एक तपासणी-यंत्र घ्यावे, जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजशी किंवा वस्त्रोद्योगाच्या संशोधन संस्थेशी संबंध ठेवावा, घरातल्या शिकलेल्या मुलाला केवळ गल्ल्यावर न बसवता मालाच्या तपासणीवर बसवावे, एवढे तर करता येईल. तांत्रिक कापडाची मागणी इस्पितळे, शेती, रस्तेबांधणी आणि संरक्षण खाते यांच्याकडून येते. तिथे ओळखीने एकदा माल जातो, पुन्हा जातो तो परीक्षेत उतरला तरच.

ज्यांना या बाजूने पाऊल टाकायचे आहे त्यांनी आजच आपल्या गोदामातला एक ताका काढावा, दिव्यावर धरावा आणि दहा ठिकाणी त्याची जाडी व वजन मोजून कागदावर लिहावे. आकडे एकमेकांशी किती जुळतात, त्यावरून आपण कोठे उभे आहोत हे कळेल.